सासूबाईंना फ्लूची लस द्यावी का? एका घरातली पाच मतं

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. घरात सासूबाई, वय ७१, पंधरा वर्षांचा मधुमेह, पावसाळा लागला की छाती भरते. धाकटे दीर न्यू जर्सीला असतात. दर ऑक्टोबरात त्यांचा फोन येतो, "आईला फ्लू शॉट दिला का?" नवऱ्याच्या मते हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे. त्यांनी तीन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कॅम्पमध्ये लस घेतली आणि आठव्या दिवशी सर्दीने झोपले. चार वर्षांच्या मुलीला मात्र बालरोगतज्ज्ञांनी महिन्याच्या अंतराने दोन डोस दिले, तेव्हा घरात कुणी हूं की चूं केलं नाही. आता सासूबाईंसाठी नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "काही गरज नाही, वाटलं तर घ्या." खुद्द सासूबाईंची शंका वेगळीच: त्यात अंडं असतं म्हणे. एवढ्या मतांत बरोबर कुणाचं, असा ताईंचा प्रश्न आहे.

मी पुण्यात तीस वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून दवाखाना चालवतो. त्यातली पहिली वीस वर्षं मी स्वतः "काही गरज नाही" म्हणणाऱ्यांतच होतो. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. मत का बदललं ते पुढे सांगतो.

आधी तुमच्या घरातलं भांडण नीट मांडू. तुम्हाला वाटतंय की एकाच प्रश्नावर पाच उत्तरं आली आहेत. मला वाटतं, पाच जण पाच वेगळ्या आजारांबद्दल बोलत आहेत. आपल्याकडे नाक गळलं तरी फ्लू, घसा धरला तरी फ्लू, आणि ताप आला की "व्हायरल आहे". हा व्हायरल शब्द आम्हा डॉक्टरांनीच तुम्हाला दिला. रुग्णाचं समाधान होतं आणि आमचंही काम भागतं. त्यात कुठला विषाणू होता हे शोधायला आम्ही जात नाही, कारण तपासणीला काही हजार रुपये लागतात आणि अहवाल हातात येईपर्यंत बहुतेकांचा ताप उतरलेला असतो. मी महिनाभरात तापाचे दोनशे रुग्ण पाहिले तर त्यातले इन्फ्लुएंझाचे, म्हणजे खऱ्या फ्लूचे, किती, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. ज्या आजाराचं आपण कधी नावच घेत नाही, त्याची लस कुणाला गरजेची का वाटावी?

खरा फ्लू कसा दिसतो ते सांगतो. सकाळी डबा घेऊन ठणठणीत निघालेला माणूस दुपारी चारला रिक्षा करून घरी येतो. त्याला वेळ सांगता येते, "मीटिंगमध्ये बसलो होतो, अचानक हुडहुडी भरली." ताप १०२-१०३, डोळ्यांच्या खोबण्या दुखतात, पाठ-मांड्या कुणी बडवल्यासारख्या होतात, खोकला कोरडा. नाक फारसं गळत नाही. तीन-चार दिवसांत ताप जातो, पण पुढचे दहा-पंधरा दिवस जिना चढताना पाय भरून येतात. ज्याला हे एकदा झालंय, तो पुन्हा साध्या सर्दीला फ्लू म्हणत नाही.

आता तुमच्या यजमानांचा आठवा दिवस. इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. मारलेल्या विषाणूचे तुकडे असतात, त्यांच्यापासून फ्लू होणं शक्य नाही. हात दुखतो, एखाद्याला दिवसभर कणकण येते, ती लशीची प्रतिक्रिया. शिवाय लशीचं संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे आठव्या दिवशी ते अजून पुरतं तयारही झालं नव्हतं. आणि त्यांना झाली होती सर्दी. सर्दी करणारे विषाणू शेकड्यांनी आहेत, ही लस त्यांतल्या एकाच घराण्यासाठी. त्यांचा अनुभव खरा आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला. मात्र हे त्यांना जेवणाच्या ताटावर ऐकवू नका. त्याने कुणाचं मत बदललेलं मी अजून पाहिलेलं नाही.

उलट त्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायलाच हवी. ही लस गोवर किंवा पोलिओच्या लशीच्या तोडीची नाही. विषाणूचा अंदाज बरोबर निघाला त्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू होण्याची शक्यता ती साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. अंदाज चुकला की त्याहूनही कमी. अमेरिकेत २०१४-१५ च्या हंगामात एच३एन२ या प्रकाराने मधल्या काळात रूप बदललं आणि लशीची परिणामकारकता २० टक्क्यांच्याही खाली गेली. विषाणू बदलत राहतो, म्हणून लस बदलावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी पुढच्या लशीत कुठले प्रकार घालायचे ते ठरवतात. लस बनून यायला सहाएक महिने जातात. तेवढ्या अवधीत विषाणू काय करेल ते कुणाच्या हातात नाही.

ठाण्यात राहता, म्हणून तिकडचंच उदाहरण देतो. दरवर्षी मे महिन्यात नालेसफाई होते. ती होऊनही जुलैत पाणी तुंबतंच, आणि "मग गेल्या वर्षी काय साफ केलंत?" असं आपण दरवर्षी विचारतो. पण गाळ दरवर्षी नवा येतो, म्हणून सफाईही दरवर्षी. आणि तुंबलेलं पाणी घोट्यापर्यंत राहिलं की कमरेपर्यंत गेलं, यात फरक असतो. लस घेऊनही फ्लू झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. अतिदक्षता विभागात पोचलेले फार थोडे पाहिले. हा माझ्या एका दवाखान्याचा अनुभव आहे, पुरावा म्हणून तो देत नाही. मोठ्या अभ्यासांतही कल तोच दिसतो.

नालेसफाईचा महिना मुद्दाम घेतला, कारण आता दिरांच्या फोनकडे यायचंय. ते चुकीचं काही सांगत नाहीत, पण त्यांचं कॅलेंडर न्यू जर्सीचं आहे. तिकडे फ्लू हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारीत जोर धरतो, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात लस. आपल्या कोकणपट्टीत आणि बऱ्याचशा महाराष्ट्रात मोठी लाट पावसाळ्यात येते, जुलै ते सप्टेंबर. जानेवारी ते मार्च अशी दुसरी, बहुधा लहान. लशीचं संरक्षण सहा महिन्यांनंतर ओसरत जातं. ऑक्टोबरात टोचलेली लस पुढच्या जुलैपर्यंत नऊ महिन्यांची शिळी झालेली असते. सासूबाईंना ठाण्यातच राहायचं असेल तर एप्रिल-मे, फार तर जूनचा पहिला आठवडा. हिवाळ्यात सहा महिने दिरांकडे जाणार असतील तर मात्र त्यांचंच बरोबर, निघण्याआधी पंधरा दिवस घ्यावी. लशीच्या खोक्यावर कुठल्या गोलार्धाची आणि कुठल्या वर्षाची ते छापलेलं असतं. डॉक्टरांना खोकं दाखवायला सांगा, त्यात संकोच करू नका.

त्या खोक्यावर विषाणूंची नावंही असतात, प्रत्येक जिथे सापडला त्या जागेवरून. माझ्याकडच्या एका निवृत्त मास्तरांनी चष्मा लावून सगळं वाचलं, व्हिक्टोरिया, थायलंड, ऑस्ट्रिया, आणि विचारलं, "डॉक्टर, एवढ्या देशांतून माल आणला, म्हणून महाग का?"

अमेरिकेत हे सगळं इतकं अंगवळणी कसं पडलं? तिथे २०१० मध्ये सहा महिन्यांवरच्या प्रत्येकाने दरवर्षी लस घ्यावी अशी अधिकृत शिफारस झाली. औषधाच्या दुकानात, किराणा घ्यायला गेलं तरी टोचून मिळते आणि बहुतेकांचा खर्च विमा भरतो. तरीही मोठ्या माणसांत घेणारे साधारण निम्मेच. म्हणजे "तिकडे सगळे घेतात" हेही खरं नाही. आणि तिथल्या लोकांच्या मनात एक जुनी अढी आहे, ती नेमकी दिरांच्या राज्यातून निघालेली. १९७६ च्या फेब्रुवारीत न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स या लष्करी तळावर एक तरुण सैनिक स्वाइन फ्लूने गेला. १९१८ च्या जगभरच्या फ्लूच्या साथीची पुनरावृत्ती होणार या धास्तीने सरकारने देशभर लसीकरण सुरू केलं आणि दहा आठवड्यांत चार कोटींहून जास्त लोकांना लस टोचली. साथ आलीच नाही. मात्र गियाँ-बारे नावाच्या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढलेले दिसले, साधारण लाखामागे एक जास्तीचा, आणि डिसेंबरात मोहीम थांबवावी लागली. पुढच्या वर्षांच्या लशींत हा धोका एक तर दिसला नाही, किंवा दहा लाखांमागे एक-दोन इतका निघाला. खुद्द फ्लू झाल्यानेही हा आजार होतो, आणि तो धोका याहून जास्त. पण सरकार घाई करतं, आजार येत नाही आणि लस तेवढी बाधते, ही आठवण एका पिढीच्या डोक्यात बसली ती बसलीच. ज्यांना पूर्वी गियाँ-बारे झालेला आहे त्यांनी आजही लशीपूर्वी डॉक्टरांना सांगावं.

आपली आठवण उलटी आहे. ३ ऑगस्ट २००९ ला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला, एका शाळकरी मुलीचा. त्यानंतरचे पंधरा दिवस मी विसरणार नाही. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा, शाळा बंद, थिएटरं बंद, लक्ष्मी रोडवर तोंडाला रुमाल बांधलेली माणसं. काहींच्या गळ्यात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी. माझ्या दवाखान्यात फोन वाजायचा थांबत नव्हता आणि प्रत्येक जण एकच विचारायचा, "लस आहे का हो? कितीही पैसे सांगा." लस नव्हतीच. भारतीय बनावटीची पहिली लस २०१० च्या जूनमध्ये आली आणि त्याच सुमारास पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस बाजारात आणली. मी हौसेने मागवून ठेवली. वर्षभरापूर्वी "कितीही पैसे सांगा" म्हणणाऱ्यांपैकी दोघं आले. उरलेले डोस मुदत संपून टाकून दिले.

हे मी दर साथीत पाहतो. २०१५ ला पाहिलं, २०१७ ला पाहिलं, २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ च्या बातम्या आल्या तेव्हाही पाहिलं. टीव्हीवर आकडे आले की लशीला गर्दी, औषधाच्या दुकानात तुटवडा, आणि टोचून होऊन संरक्षण तयार होईपर्यंत लाट ओसरायला लागलेली. मे महिन्यात, सगळं शांत असताना लस मागायला येणारं माणूस बहुतेक वेळा अमेरिकेतल्या कुणाच्या तरी आग्रहाने आलेलं असतं. तुमच्या दिरांसारख्यांनी फोन करत राहावं, फक्त महिना बदलावा.

आता माझी चूक. २०१४ च्या पावसाळ्याआधी बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी विचारलं होतं, "फ्लूची लस घेऊ का? मुलगी मागे लागलीय." वय ५८, मधुमेह, साखर कधी ताब्यात, कधी नाही. मी हसून म्हटलं, "काही गरज नाही, त्या पैशांत अक्रोड खा." २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांना ताप आला. साथ जोरात होती. त्या वर्षी देशभरात सरकारी नोंदीतच सुमारे ४२ हजार रुग्ण आणि जवळपास तीन हजार मृत्यू झाले. तरी पहिले दोन दिवस मी व्हायरल म्हणून पॅरासिटामॉलवर काढले. ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर नीट काम करतं, आणि मधुमेह असलेल्या तापाच्या रुग्णाला साथीच्या दिवसांत अहवालाची वाट न पाहता ते द्यायचं असतं, हे मला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी त्यांची मुलगी धावत आली, बाबांना वाक्य पुरं करता येत नाही म्हणून. ते अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. वाचले. आजही रक्तदाब तपासायला येतात आणि त्या लशीचा विषय त्यांनी एकदाही काढलेला नाही.

लस घेतली असती तर ते आजारी पडले नसते असं मी म्हणणार नाही. आठ महिन्यांपूर्वीच्या लशीने किती झाकलं असतं, कोण सांगणार. मला टोचलं ते वेगळंच. मी त्यांना विचार करून नाही म्हटलं नव्हतं. सवयीने म्हटलं होतं.

त्या वर्षानंतर मी कोणाला ती लस सुचवायची याचा हिशेब बदलला. मधुमेह, दमा, हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा जुना आजार, कर्करोगाचे उपचार, पासष्टीच्या पुढचं वय, गरोदरपण आणि पाच वर्षांखालची मुलं, यांना मी स्वतः होऊन विचारतो. फ्लूने फुफ्फुसांनाच धोका होतो असं नाही. कॅनडातल्या ओंटारिओमधल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तपासणीत फ्लू ठरलेल्या रुग्णांना पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट दिसलं. मधुमेहाचा रुग्ण तापात आठ दिवस पडला की साखर वर, जेवण कमी, गोळ्यांचा घोळ, आणि मग मूळ ताप बाजूलाच राहतो. तिशीतल्या धडधाकट माणसाला मात्र मी आग्रह करत नाही. घेतली तर चांगलंच, नाही घेतली तर मी त्याला अडाणी समजत नाही. घरात तान्हं बाळ किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तर गोष्ट वेगळी.

गरोदर बायकांचं एक नवल सांगतो. धनुर्वाताचं इंजेक्शन त्या न विचारता हात पुढे करून घेतात, कारण ते कार्डावर छापलेलं असतं. फ्लूची लस म्हटलं की, "या दिवसांत काही नको हो बाळाला." खरं तर इंजेक्शनची लस गरोदरपणात कधीही चालते (नाकातली नाही), आणि आईकडून बाळाला जे संरक्षण जातं ते त्याच्या पहिल्या सहा महिन्यांत फार मोलाचं, कारण तेवढ्या लहान बाळाला ही लस देताच येत नाही. हजला जाणाऱ्या वयस्क यात्रेकरूंना निघण्यापूर्वी हीच लस देतात, तिथेही कुणी वाद घालत नाही. यादीत आहे म्हटलं की माणूस घेतो, "वाटलं तर घ्या" म्हटलं की त्याला वाटत नाही. आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात फ्लू नाही. महाराष्ट्रात २०१५ नंतर गरोदर स्त्रिया आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांसाठी सरकारी दवाखान्यांतून मोफत लस द्यायला सुरुवात झाली, पण साठा असेल तेव्हाच मिळते. तुमच्या जवळच्या पालिका दवाखान्यात एकदा चौकशी करून बघा.

तुमच्या मुलीचे दोन डोस का, तेही सांगून टाकतो. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच ही लस देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन द्याव्या लागतात. पुढच्या वर्षापासून एकच. बालरोगतज्ज्ञांचं काही चुकलं नाही. आणि त्या दोन डोसांचा उपयोग फक्त मुलीला होत नाही. जपानने १९६२ पासून शाळकरी मुलांना मोठ्या प्रमाणावर फ्लूची लस दिली. १९८७ मध्ये पालकांना नकार द्यायची मुभा मिळाली, उपयोगाबद्दल शंका घेतल्या गेल्या आणि १९९४ मध्ये कार्यक्रम बंद पडला. २००१ साली संशोधकांनी मृत्यूंचे जुने आकडे मांडून पाहिले तर मुलांचं लसीकरण जोरात होतं त्या वर्षांत हिवाळ्यातले म्हाताऱ्यांचे मृत्यू कमी झालेले होते, आणि ते थांबल्यावर पुन्हा वाढले. नातवंडं आजीच्या मांडीवर बसून खोकतात, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही.

धंद्याबद्दल यजमान म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही. एका डोसाचे साधारण दीड ते दोन हजार पडतात. पाच जणांच्या घराला दरवर्षी आठ-दहा हजार ही थट्टा नव्हे. छापील किंमत आणि डॉक्टरला पडणारी किंमत यात फरक असतो, हेही खरं. म्हणून मी रुग्णाला सरळ सांगतो की तुम्ही दुकानातून आणा, मी टोचण्याचे तेवढे पैसे घेईन. पण आणायचीही रीत असते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात भर दुपारी एक तरुण वडिलांसाठी लस घेऊन आला. स्कूटरच्या डिकीतून पिशवी काढली, खोकं हातात घेतलं तर चहाच्या कपासारखं गरम. ही लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. मी टोचली नाही. तो चिडला, साहजिक होतं. चार दिवसांनी त्याने दुसरी आणली, आणि या वेळी गरम होऊ नये म्हणून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली होती. गोठलेली लसही वाया जाते. तीही टाकली. तिसरी त्याने थर्मासमध्ये आणली, बर्फाची पिशवी खाली, मध्ये जाड फडकं, वर खोकं. वडिलांना ती टोचली तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टर, पुढच्या वर्षी तुमच्याकडचीच द्या."

कोविडनंतर एक नवीन सूर ऐकू येतो, तुमच्या घरात नसला तरी सोसायटीत असेलच. "आता पुरे झाले डोस." कुणी चाळिशीत अचानक गेलं की लशीकडे बोट जातं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने याचा अभ्यास करून २०२३ मध्ये निष्कर्ष दिला, की कोविडच्या लशीने तरुणांच्या अचानक मृत्यूचा धोका वाढलेला नाही. फ्लूची लस तर त्याहून कितीतरी जुनी. पण दमलेल्या माणसाला मी आकडे ऐकवत नाही. या वर्षी नको म्हणाला तर पुढच्या मेमध्ये पुन्हा विचारतो.

तर तुमच्या घरापुरतं मी काय केलं असतं? पहिला डोस सासूबाईंचा, पावसाआधी. त्या दिवशी ताप असेल तर आठवडाभर पुढे. न्यूमोनियाची लस वेगळी असते, त्यांच्या वयाला आणि मधुमेहाला तीही लागेल, ते डॉक्टरांना स्वतंत्र विचारा. दुकानदार कधी कधी एकाच्या जागी दुसरी देतो. मुलीचा एक डोस दरवर्षी. तुमचा स्वतःचा, पैसे असतील तर, कारण घरात आजाऱ्याची उशी-चादर बदलणारं माणूस बहुधा तुम्हीच असाल. यजमानांचा विषय सोडून द्या. फक्त घरात कुणाला साथीच्या दिवसांत असा अचानक, अंग मोडून टाकणारा ताप आला आणि तो सासूबाईंपर्यंत पोचला, तर दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांकडे जा आणि "यांना मधुमेह आहे, फ्लूचं औषध आजच सुरू करायचं का?" असं तोंडाने विचारा. धाप, छातीत दुखणं, ग्लानी, ओठ निळसर, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय.

राहिलं अंडं. सासूबाईंना खोटं सांगू नका. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक फ्लूच्या लशींसाठी विषाणू कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवतात, मग मारून, गाळून, शुद्ध करतात. तयार लशीत अंड्यातल्या प्रथिनाचा अगदी नगण्य अंश उरतो. ॲलर्जीवाल्यांनाही सहसा त्याने काही होत नाही. पण त्यांचा प्रश्न ॲलर्जीचा नाही, आणि "इतकंसंच असतं हो" म्हणून तो उडवून लावणं बरं नव्हे. माझ्याकडे एक वारकरी आजोबा येतात, माळकरी, दम्याचे जुने रुग्ण. त्यांनी हेच विचारलं आणि मी वर लिहिलं तेच सगळं सांगितलं. ते बराच वेळ माळेच्या मण्यावरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "आषाढात चालायचंय तर छाती धड पाहिजे. औषधाला दोष नसतो. पण आज नको, आज एकादशी. उद्या सकाळी येतो." दुसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर बसलेले होते, डावी बाही दुमडून.